‘शक्यतो औषधांपासून दूर राहा’ हे वाक्य मागे घ्या

प्रति,
माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. आपला अंक मोबाइलवर वाचते. रविवारी दुकान बंद असतं, त्यामुळे पुरवणी सावकाश वाचून होते. दोन आठवड्यांपूर्वीच्या पुरवणीत पाळी जाण्याच्या वयाबद्दल लेख होता. मायेने लिहिलेला होता, त्याबद्दल लेखिकाबाईंचे आभार. रजोनिवृत्ती हा आजार नव्हे, निसर्गक्रम आहे; योग करावा, तिखट-तेलकट कमी करावं, मन रमवावं, घरच्यांनी समजून घ्यावं, असं त्यात होतं. पण अख्ख्या लेखात औषधांचा उल्लेख एकदाच आला, आणि तोही ‘शक्यतो औषधांपासून दूर राहा’ असा. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं तर जरूर कापा, पण उपचारांचा भाग तेवढा राहू द्या.

मी डॉक्टर नाही. मी ब्लाउज शिवते. ५३ वर्षांची आहे, आणि २८ वर्षं हेच काम करते आहे. माझ्याकडे मराठी बायका येतात, तशा इथल्या हिंदी बोलणाऱ्याही येतात. पंचेचाळिशी-पन्नाशीतलं गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की काय मागणार, हे मला आता आधीच कळतं. वर्षानुवर्षं अस्तराचा ब्लाउज घालणारी बाई सांगते, ‘या वेळी अस्तर नको.’ बंद गळ्याची आवड असलेली गळा मोठा करायला सांगते. जुना ब्लाउज उसवायला आणला की काखेतलं कापड घामाने विरलेलं दिसतं, बाकीचा ब्लाउज नवा असतो. एक बाई मे महिन्यात म्हणाली, ‘दीदी, बाहर की गर्मी तो सह लूँ, यह अंदर से जो आग उठती है उसका क्या करूँ?’ ग्वाल्हेरचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला या वाक्याचं वजन कळेल. इथे पारा ४५ च्या वर जातो.

या बायकांना मी विचारते, डॉक्टरांना सांगितलंत का? जवळजवळ प्रत्येकीचं उत्तर एकच, ‘सगळ्यांनाच होतं, त्यात काय सांगायचं?’ मीसुद्धा साडेतीन वर्षं हेच म्हणत होते.

मला ४६ व्या वर्षी सुरू झालं. आपल्या देशात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. शेवटच्या पाळीनंतर पूर्ण १२ महिने पाळी आली नाही की ती थांबली असं धरतात. पण त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो, कारण शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन सरळ उतरत जात नाही, काही वर्षं ते वरखाली हेलकावे खातं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पाळी कधी २० दिवसांनी येते, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की थांबत नाही.

त्या जानेवारीतली एक रात्र सांगते. इथली थंडी तुमच्याकडच्या वाचकांना कल्पनेने कळणार नाही. पारा ३-४ अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी दहापर्यंत धुकं हटत नाही. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. छातीतून काहीतरी गरम वर चढत होतं, मान, कान, डोक्याची कातडी, सगळं पेटल्यासारखं झालं. मी रजई फेकली, स्वेटर काढला आणि आमच्या मागच्या अंगणात दगडी फरशीवर अनवाणी जाऊन उभी राहिले. गाऊन पाठीला चिकटला होता. फरशी बर्फासारखी गार होती आणि मला ती हवीहवीशी वाटत होती. पाच मिनिटांनी तोच ओला गाऊन अंगावर गार पडला आणि दात वाजायला लागले. ह्यांनी शाल आणून टाकली आणि म्हणाले, ‘अगं, न्यूमोनिया होईल तुला.’ त्या रात्री असं चार वेळा झालं. सकाळी साडेदहाला दुकान उघडलं आणि लग्नाच्या ऑर्डरचा एक ब्लाउज मी एक इंच आखूड बेतला. इतक्या वर्षांत कापड असं वाया घालवलं नव्हतं. ते गिऱ्हाईकाला भरून दिलं.

मग छातीत धडधड सुरू झाली. सांधे धरले. मशीनवर बसलं की बोटं सकाळी वळत नव्हती. हृदयाचं काही असेल म्हणून ईसीजी काढला, तो चांगला निघाला. धडधड, सांधेदुखी, चिडचिड, मध्येच शब्द न आठवणं, हे सगळं या वयातल्या हार्मोनच्या चढउतारामुळे होऊ शकतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मात्र धडधडीसाठी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करायलाच हवी होती, ते योग्यच झालं. थायरॉइड बिघडलं तरी अशीच लक्षणं दिसतात.

रक्तस्राव इतका वाढला की हिमोग्लोबिन ७.९ वर आलं. तेव्हा मी एका खासगी दवाखान्यात गेले. सोनोग्राफीत गर्भाशयात ३ सेंटिमीटरची एक गाठ दिसली. तिथल्या डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘आता पिशवीचा काय उपयोग? काढून टाकू, कटकट संपेल. अंडाशयही त्याच वेळी काढू.’ त्यांनी मला तारीखही दिली. मी घरी येऊन कपाट आवरायला घेतलं, कारण सहा आठवडे जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं.

थांबवलं मला माझ्या जाऊबाईंनी. त्यांची पिशवी दोन्ही अंडाशयांसकट ३८ व्या वर्षी काढली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांना माझ्यासारख्याच गरम वाफा सुरू झाल्या, कारण अंडाशय काढले की इस्ट्रोजेन हळूहळू कमी होत नाही, एका दिवसात जातं. इतक्या लवकर अंडाशय काढलेल्या बाईला, तिच्या प्रकृतीत अडचण नसेल तर, पाळी एरवी ज्या वयात गेली असती त्या वयापर्यंत तरी हार्मोन द्यावेत, असं जगभरातले तज्ज्ञ सांगतात, कारण हाडं आणि हृदय दोन्हींना धोका वाढतो. त्यांना कुणी काही दिलं नाही. पन्नासाव्या वर्षी न्हाणीघरात नुसता पाय घसरला आणि मनगट मोडलं. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, ‘तू आणखी एकाला विचार. मला विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.’

संपादक महाशय, आपल्या वाचकांना बीडच्या ऊसतोड बायका आठवत असतील. २०१९ साली त्यांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनी महाराष्ट्र हादरला होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे सुमारे तिघींची पिशवी काढलेली आढळली. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या प्रकरणात ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. काही बायकांना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते, कॅन्सर असेल, गाठी फार मोठ्या असतील, दुसरे उपाय हरले असतील. पण तो पहिला उपाय कसा होतो?

मी ज्या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले, त्यांनी आधी माझी वही मागितली. मी मापांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर पेन्सिलीने पाळीच्या तारखा आणि रात्रीच्या वाफांच्या फुल्या मारत होते. त्या पानांवरून त्यांना जे कळलं ते माझ्या तोंडून अर्ध्या तासातही सांगून झालं नसतं. कुठल्याही बाईने डॉक्टरकडे जाण्याआधी दोन-तीन महिने असं लिहून न्यावं. माझ्याकडे एका लॅबचे हार्मोनच्या तपासण्यांचे महागडे रिपोर्टही होते. त्या म्हणाल्या, ४५ च्या पुढच्या बाईला पाळी जायची वेळ आली आहे हे लक्षणांवरूनच कळतं, त्याला या तपासण्या सहसा लागत नाहीत. या काळात एफएसएच नावाच्या हार्मोनचा आकडा आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसराच येतो.

मग त्या म्हणाल्या, ‘तुमच्या पिशवीचं अस्तर तपासायला पाहिजे.’

अस्तर हा शब्द ऐकला आणि इतक्या महिन्यांत प्रथमच मला माझ्या शरीरातलं काही समजेल असं वाटलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. इस्ट्रोजेनमुळे पिशवीचं आतलं अस्तर जाड होतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन ते आवरून धरतं. पाळी जायच्या वयात बीज दर महिन्याला सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर वाढत राहतं आणि मग धो-धो जातं. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर त्या अस्तराचा तुकडा काढून तपासावा, म्हणजे आत काही वाईट नाही ना ते कळतं. आणि पाळी थांबून वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. ‘पुन्हा पाळी सुरू झाली वाटतं’ म्हणून कुणी थांबू नये. पत्रातलं बाकी सगळं विसरलं तरी वाचकांनी हे विसरू नये.

माझा तुकडा चांगला निघाला. गाठही अस्तरात घुसलेली नव्हती, आणि अशा गाठी पाळी गेल्यावर बहुधा आक्रसतात. त्यांनी मला मिरेना बसवलं. कॉपर-टीसारखंच, टी आकाराचं, पण त्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं आणि ते थेट अस्तरावर काम करून ते पातळ ठेवतं. पहिले चार महिने मधूनमधून डाग लागत होते, तसं होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सहाव्या महिन्यात रक्त जाणं जवळजवळ थांबलं. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर आलं. मशीन दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले, पण माझी पिशवी आणि अंडाशय जागेवर आहेत.

वाफा मात्र चालूच होत्या. अमेरिकेत बायकांना वर्षानुवर्षं विचारत राहून केलेल्या एका अभ्यासात २०१५ साली असं दिसलं की निम्म्या बायकांचा हा त्रास सात वर्षांहून जास्त चालतो. सात वर्षं बाईने झोपायचंच नाही का? तरीही डॉक्टरबाईंनी हार्मोनचं नाव काढलं तेव्हा मी घाबरले. हार्मोन घेतलं की स्तनाचा कॅन्सर होतो, हे मी कुठूनतरी ऐकलं होतं. आपल्या लेखिकाबाईंच्या मनातही बहुधा हेच असेल.

ही भीती २००२ सालची आहे. अमेरिकेत १६ हजारांहून जास्त बायकांवर चाललेला हार्मोनचा एक मोठा अभ्यास त्या वर्षी मध्येच थांबवला गेला आणि बातमी जगभर पसरली. डॉक्टरबाईंनी माझ्याच चिठ्ठीच्या मागे आकडे लिहून दिले, तो कागद माझ्याकडे आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं, अशी दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्या १०,००० बायकांमध्ये वर्षाला ३८ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, आणि न घेणाऱ्या १०,००० मध्ये ३० जणींना. म्हणजे दहा हजारांत ८ जणी जास्त. त्या आठ जणींनाही मोल आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पन्नाशीच्या बाईला त्रासासाठी औषध द्यायचं की नाही, हे त्यावरून ठरवायला नको होतं. ज्यांची पिशवी काढलेली होती आणि ज्या नुसतं इस्ट्रोजेन घेत होत्या, त्यांच्यात तर स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही.

आज तज्ज्ञांच्या संस्था सांगतात की वय ६० च्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील, आणि अडचणीचा आजार नसेल, तर वाफांचा त्रास असलेल्या बहुतेक बायकांना हार्मोनचा फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे. वाफांवर इतकं गुणकारी दुसरं औषध नाही. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, यकृताचा मोठा आजार आहे, किंवा अंगावरून रक्त जाण्याचं कारणच सापडलेलं नाही, त्यांना हे देत नाहीत. पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर तेच अस्तर पुन्हा वाढतं आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. माझ्या बाबतीत ते काम मिरेना करतच होतं. दुसऱ्या बायकांना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल बहुधा रात्री झोपताना घ्यायला सांगतात, तिने झोपही येते.

माझा रक्तदाब आणि मॅमोग्राफी बघून मला इस्ट्रोजेनचं जेल दिलं. गोळीने रक्त गोठण्याचा धोका थोडा वाढतो, कातडीतून दिलेल्या औषधाने तो वाढत नाही असं दिसलं आहे, म्हणून जेल. दंडावर लावायचं, छातीवर कधीच नाही, आणि वाळू द्यायचं. माझ्या हाताखालून लोकांचं कापड जातं, माप घेताना बायकांच्या अंगाला माझे हात लागतात, म्हणून मी ते रात्री दुकान आवरल्यावर लावते आणि हात साबणाने धुते. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला जाग आली ती दूधवाल्याच्या आवाजाने. मी सहा तास सलग झोपले होते. वहीत त्या तारखेपुढे एकही फुली नाही. ते पान मी मुलीला दाखवलं.

आता या गोष्टीला चार वर्षं झाली. दरवर्षी डॉक्टरबाई विचारतात, चालू ठेवायचं का, मात्रा कमी करून बघायची का, आणि तपासतात. जन्मभर घ्यायचं असं काही ठरलेलं नाही.

हार्मोन चालत नाही अशा बाईचं काय, हेही लिहायला हवं. माझ्या एका जुन्या गिऱ्हाईकाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आहे. तिच्यासाठी मी एका बाजूला कापूस भरलेला ब्लाउज शिवते. तिला टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी चालू आहे आणि त्या गोळीनेच वाफा येतात. तिच्या डॉक्टरांनी व्हेन्लाफॅक्सिन लिहून दिलं. औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, ही तर डिप्रेशनची गोळी आहे, आणि तिने ती पिशवीत तशीच ठेवली. मला येऊन विचारते, ‘मी काय वेडी झालेय?’ बाई, वेडी नाहीस. या गटातल्या काही गोळ्या कमी मात्रेत दिल्या तर वाफा कमी करतात, हे नीट तपासून सिद्ध झालेलं आहे. पॅरॉक्सेटिनला तर अमेरिकेत २०१३ साली खास वाफांसाठीच मंजुरी मिळाली. पण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटिन टाळतात, ते टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतं, म्हणून तिला दुसरी गोळी दिली होती. म्हणूनच शेजारणीची गोळी उसनी घेऊ नये. रात्रीच्या घामासाठी गॅबापेन्टिनही देतात.

एक नवं औषधही आलं आहे, फेझोलिनेटंट. अमेरिकेत त्याला २०२३ साली मान्यता मिळाली. त्यात हार्मोन नाही. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं जे केंद्र आहे, ते इस्ट्रोजेन कमी झाल्यावर नको इतकं हळवं होतं. जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट बिघडला की ती जरा तापताच कट् करून बंद होते, तसं अंग जराशा उबेने ‘फार उकडतंय’ समजून घाम सोडतं. हे औषध त्या केंद्रातल्या चेतापेशींनाच शांत करतं. यकृतावर त्याचा वाईट परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं.

आता ज्या गोष्टीबद्दल बायका माझ्या पडद्यामागे, ब्लाउज घालून बघायच्या जागेत, कुजबुजत बोलतात ती. योनीमार्ग कोरडा पडतो. जवळीक नकोशी होते कारण दुखतं, कधी रक्त येतं. लघवीला जळजळ होते, घाई होते. दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स घेणारी एक बाई माझ्याकडे येत असे, आणि तिच्या नवऱ्याला वाटत होतं की ती त्याला टाळते. तिने ना नवऱ्याला सांगितलं, ना डॉक्टरला. वाफा कालांतराने ओसरतात, पण हा कोरडेपणा आपोआप जात नाही, वर्षं जातील तसा वाढतो. आणि याच्यावरचा उपाय सगळ्यांत सोपा आहे. योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं. सुरुवातीला रोज, मग आठवड्यातून दोनदा. ते जागच्या जागी काम करतं, रक्तात फारच थोडं जातं, आणि लघवीचं इन्फेक्शन वारंवार होणंही त्याने कमी होतं. हार्मोन अजिबात नको असेल तर योनीसाठीचं मॉइश्चरायझर आणि संबंधाच्या वेळी वंगणाचं जेल. मी तिला बळंच डॉक्टरकडे पाठवलं. तीन महिन्यांनी आली, काही बोलली नाही, माझा हात धरून उभी राहिली. पन्नाशीच्या बाईला हा त्रास सांगायची लाज वाटावी, असं आपण तिला कशाला वाढवतो?

योगाबद्दल मला लेखिकाबाईंशी भांडायचं नाही. मी रोज सकाळी चालते, सूर्यनमस्कार घालते, त्याने झोप, मन, हाडं, सगळ्याला बरं वाटतं. पण उत्तर अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञ संस्थेने २०२३ साली हार्मोनविरहित उपायांचा पुरावा तपासला, तेव्हा वाफांसाठी म्हणून योग, श्वसनाचे व्यायाम, सोया आणि वनस्पतींच्या पुड्या यांची शिफारस केली नाही. शिफारस केली ती काही गोळ्यांची, वजन जास्त असेल तर ते कमी करण्याची, आणि विचारांची सवय बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, ज्याला सीबीटी म्हणतात. माझ्याकडे येणारी एक बाई दर महिन्याला महागडं चूर्ण मागवते आणि रात्रभर पंख्याखाली बसते. तिला कुणी ‘औषधांपासून दूर राहा’ म्हटलं की ती त्या चूर्णालाच धरून बसणार.

हाडांचं थोडक्यात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं सगळ्यांत वेगाने झिजतात. दूध, दही, तीळ, नाचणी, उन्हात बसणं, वजन उचलण्याचा व्यायाम, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. इथे हिवाळ्यात मुरैन्याची तिळाची गजक घराघरांत असते, पण तिच्यात गूळ-साखर भरपूर, तेव्हा मधुमेह असेल तर तीळ भाजून चटणीत घाला. आणि ज्यांना वाटतं पाळी अनियमित झाली म्हणजे दिवस जायची भीती संपली, त्यांच्यासाठी: तसं नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढची दोन वर्षं, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते. माझ्या ओळखीतल्या एका बाईवर ४७ व्या वर्षी ही वेळ आली होती. घरात सून गरोदर होती.

माझी दोन्ही मुलं इथल्या कमलाराजा रुग्णालयात झाली. बाळंतपणाला बाईबरोबर सासू, आई, नवरा, सगळे जातात. पाळी जायच्या त्रासाला बाई एकटीही जात नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस या वयाच्या बायकांसाठी ठेवला, आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रत्येकीला दहा मिनिटं दिली, तर ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांचं किती भलं होईल. मला जेलचा खर्च फॉल-पिकोच्या कमाईतून भागवता येतो. माझ्याकडे हुक लावायला येणाऱ्या मुलीच्या आईला तो भागणार नाही.

आपल्याकडे माझी मागणी एवढीच आहे. पुरवणीत अर्धं पान द्या. एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या: हार्मोन कुणाला चालतं, कुणाला नाही, ते नसेल तर काय, कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही, पिशवी काढायला सांगितलं तर आधी कोणते प्रश्न विचारायचे. मोठ्या अक्षरांत छापा, चाळिशीच्या चष्म्याशिवाय वाचता येईल असं. इथल्या गिऱ्हाइकांसाठी मी त्याचं हिंदी करून घेईन, आणि दोन्ही कागद दुकानात आरशाशेजारी लावेन. माप देताना बाई हात वर करून दोन मिनिटं तिथे उभी असते, तेव्हा तिच्या समोर दुसरं काही नसतं.

आपली,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर

(नाव आणि पत्ता आपल्याला कळवला आहे. पत्रात जाऊबाईंची आणि गिऱ्हाइकांची हकिकत आहे आणि लष्करात सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून नाव छापू नये.)